परत येणार असल्यास खूण करा

निशी-कसाई, टोकियो
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

स्नेहल,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहू का, असं अनघा विचारते आहे. लिही म्हटलं; घ्यायचे की नाही ते घेणारी ठरवेल. अनघा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची, मूळची डोंबिवलीची, नवरा बँकेत. आपला गुणवंत मंगळवारी आणि शुक्रवारी तोयोसूच्या ऑफिसात जातो आणि बाकीचे दिवस घरूनच काम करतो. माझी पत्रं मंगळवार-शुक्रवारचीच असतील. त्यावरून काय समजायचं ते समज.

पत्र झालं की ती त्याचा फोटो चैत्रालीच्या फोनवर पाठवेल आणि चैत्राली तुला वाचून दाखवेल. सोळा वर्षांनी तुझ्याशी बोलते आहे तीही एकीच्या हाताने आणि दुसरीच्या तोंडाने. सरळ फोन करा ना आजी, असं अनघा म्हणते. तिला तू माहीत नाहीस. फोन तू कापशील. पत्र निदान अर्धं तरी ऐकून होतं.

तुझ्या पोटात गाठ आहे आणि तुला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलंय, हे मला परवा कळलं. चैत्रालीने तिच्या मामाला डिसेंबरातच कळवलं होतं. महिनाभर गुणवंत माझ्या शेजारी बसून जेवला, माझ्या गोळ्या डबीत भरून देत राहिला, आणि बोलला नाही. परवा केतकी मेथी निवडताना बोलून गेली. बोलून गेली म्हणते, पण माझी सून एवढी भोळी नाही. एकच काडी दहा मिनिटं निवडत होती, तेव्हाच मी ओळखलं की हिला काहीतरी सांगायचंय.

मी येते. बाकीचं नंतर लिही, हे आधी लिही, असं मी अनघाला म्हटलं होतं. तिने क्रम चुकवला.

येते म्हणणं सोपं आहे. निघणं तसं नाही. इथे मला एक कार्ड दिलंय, माझ्या फोटोचं. फोटोत मी चोरी करताना धरल्यासारखी दिसते. ते कार्ड असेल तरच इथे राहता येतं. म्हाताऱ्या आईबापांना इथलं सरकार ते सहसा देत नाही. जिला तिच्या देशात बघणारं कोणीच उरलेलं नाही अशा आईला देतात, तेही वर्षावर्षाचं. माझ्या कार्डाची मुदत अठरा मार्चला संपते. गुणवंतने पुढच्या वर्षाचा अर्ज घातलाय आणि त्या ऑफिसातून उलट पत्र आलंय, की तिकडे खरंच कोणी नाही ना, याचे कागद पुन्हा दाखवा.

आता मी तिकडे गेले तर कोणाकडे गेले, असा प्रश्न येणार. आणि त्याला उत्तर नाही, कारण गुणवंतने पहिल्या अर्जाला सांगलीच्या नोटरीचा एक कागद जोडलाय. त्यात लिहिलंय की मला एकच अपत्य आहे. मुलगा.

कागद इंग्रजीत होता. अंगठा लावा म्हणाले, लावला. मला काय ठाऊक आत काय आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुला माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून सांगितलं.

काही खाता येतंय का तुला? चैत्रालीला सांग कळवायला. तू सांगणार नाहीस, तिचं तीच कळवेल.

आई


निशी-कसाई
मंगळवार, २८ जानेवारी

स्नेहल,

तू पत्र ऐकलंस, पुन्हा एकदा वाचायला लावलंस आणि म्हणालीस, अक्षर छान आहे. चैत्रालीने एवढं कळवलं. तिचा निरोप मला वाचून दाखवताना अनघा आधी खूष झाली. मग तिच्या लक्षात आलं आणि उठून गॅस बंद आहे का बघून आली. गॅस माझ्या घरचा.

मागच्या पत्रात मी एक खोटं सांगितलं. अनघाने ते विश्वासाने लिहिलं, तिचा त्यात दोष नाही.

नोटरीने तो कागद मला वाचून दाखवला होता. इंग्रजीत होता हे खरं. पण माणूस भला होता, आजींना मराठीत सांगितल्याशिवाय मी अंगठा घेत नाही म्हणाला. त्याने एकेक ओळ सांगितली. यजमान वारले, बरोबर? बरोबर. तासगावचं घर विकलं, बरोबर? बरोबर. एकच अपत्य, मुलगा गुणवंत. गुणवंत तेव्हा खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर झेरॉक्सचं दुकान होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. नोटरी थांबला होता. मी म्हटलं, बरोबर.

त्याच्या आधीच्या महिन्यात मी न्हाणीघरात पडले होते. सकाळी पडले ती दुपारी शेजारीण विरजण मागायला आली तोवर तशीच, ओल्या फरशीवर. गुणवंत विमानाने आला, आणि त्याने ठरवलं की आता हिला न्यायचं. मलाही यायचंच होतं, स्नेहल. पुन्हा त्या फरशीवर पडायचं नव्हतं. आणि मनाशी म्हटलं, जी बापाच्या दिवसांनाही आली नाही ती कसली मुलगी. तेवढा राग मला अंगठ्यापुरता पुरला.

तू का आली नव्हतीस, हे मला ठाऊक होतं. आता अनघाला ते लिहायला सांगते आहे. ती म्हणते, आजी, हे राहू द्या. लिही म्हटलं. तुझ्या नवऱ्याच्या बँकेतलं गुपित नाही, माझं आहे.

चैत्राली तेव्हा वर्षाचीही नव्हती. तू संध्याकाळच्या एसटीने माहेरी आलीस. पिशवीत पोरीचे कपडे आणि एक पितळी पातेलं. पातेलं कशाला आणलंस हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी नळावर तोंड धुताना तुझी बाही वर गेली. कोपरापासून वर हात काळानिळा होता, आणि त्यात एक जुनी खूण होती, पिवळी पडलेली, म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. मी कळशी भरत होते. तू विचारलंस, "आई, हात बघितलास ना?" मी म्हटलं, "गाडी चुकेल, आवर."

सातच्या गाडीत तुला मीच बसवलं. वडिलांनी नाही, गुणवंतने नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, काही नाही, थोडी चिडलीय. सासरी तू आणखी चार वर्षं काढलीस. मग निघालीस ती आमच्या दारात आली नाहीस, मिरजेला गेलीस, दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांना जेवण द्यायला लागलीस. तासगावहून मिरज तासाभरावर. मी एकदाही आले नाही. आणि आता टोकियोहून येते म्हणते.

हात मी बघितला होता. एवढंच लिहायचं होतं.

आई


निशी-कसाई
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

स्नेहल,

तिकीट आलं. वीस तारखेचं, गुरुवारचं. दहा दिवसांसाठी.

कसं आलं ते सांगते. मी रक्तदाबाच्या गोळ्या घेणं बंद केलं. बोलले काही नाही. रोजची गोळी खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकत होते. पाचव्या दिवशी गुणवंतला ती कुंडीत दिसली. कढीपत्त्याचा रक्तदाब मात्र उत्तम आहे.

मग तो माझ्यासमोर बसला. पोरगा वाईट नाही, हे तुला पटणार नाही, तरी लिहिते. तो घाबरलाय. या वर्षी त्याला स्वतःसाठी, केतकीसाठी आणि सलोनीसाठी इथे कायम राहण्याचा अर्ज घालायचाय. माझ्या फाइलीतला कागद खोटा निघाला तर तोही गेला. सलोनी आठ वर्षांची आहे, मी मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते. तासगावात तिला पाणीही मागता येणार नाही. हे सगळं तो सांगत होता आणि मी ऐकत होते. शेवटी म्हणाला, "आई, तू ताईकडे गेलीस हे कळलं तर मी खोटा ठरेन."

मी म्हटलं, "ठरशील म्हणजे? आपण दोघं आहोतच."

केतकी आतून आली आणि म्हणाली, दहा दिवस पाठवू या, कोणी विचारलं तर घराचे कागद आणि देवदर्शन सांगायचं. गुणवंतने तिच्याकडे बघितलं. मग त्याने लॅपटॉप उघडला.

आता माझी शिकवणी चालू आहे. विमानतळावर एक कागद द्यावा लागतो. नाव, गाव सगळं गुणवंत भरून देणार. त्या कागदावर एक चौकोन आहे आणि त्याच्यापुढे छापलंय, की मी थोड्या दिवसांसाठी जाते आहे आणि परत येणार आहे. त्यात खूण केली की परत यायचा परवाना मिळाला. खूण केली नाही तर तिथल्या तिथे कार्डाला भोक पाडून हातात देतात आणि ते कार्ड संपलं. मग पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि माझ्यासारखीला दुसऱ्यांदा मिळेल असं कोणी सांगत नाही. केतकीच्या ओळखीतली एक बाई घाईत खूण करायची विसरली, तर तिचं इथलं घर तिच्या नवऱ्याने एकट्याने आवरलं.

अनघाने मला ती खूण शिकवली. आधी छोटी रेघ खाली, मग लांब वर. शहात्तराव्या वर्षी मी पहिलं अक्षर शिकले. अनघा म्हणते, हे अक्षर नव्हे. नसू दे.

दहा दिवस फार नाहीत, मला माहीत आहे. एकविसाला पोचेन, तीन मार्चला परत निघायचंय. गुणवंत मला आणायला स्वतः येणार आहे, कारण त्याचा माझ्यावर विश्वास नाही. पोराला आईची पारख आहे.

मला दारात उभी करायची नाही असं चैत्रालीला सांगून ठेवलं असशील, तर आत्ताच कळव. विमान लांबचं आहे आणि माझे गुडघे तुझ्या आजीचे आहेत.

आई


मिरज
बुधवार, ९ एप्रिल

गुणवंता,

हे पत्र चैत्राली लिहिते आहे. तू फोन उचलत नाहीस. केतकी उचलते आणि मला म्हणते की तुम्ही बऱ्या आहात ना आई, आणि फोन ठेवते. म्हणून पत्र. अनघावर रागावू नकोस. तिने लिहिलं तेवढंच, करायला तिने काही सांगितलं नव्हतं. थांब, हेही अर्धंच आहे. तिला मी एकदा विचारलं होतं की मी कार्ड सोडलं तर माझ्या चालू अर्जाचं काय होईल. ती म्हणाली, मग अर्ज तिथेच मिटेल, तपासायला काही उरणार नाही. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, का विचारता? मी म्हटलं, उगाच.

विमानतळावर तू मला चाकांची खुर्ची ढकलणाऱ्या मुलीच्या हवाली केलंस आणि काचेपाशी उभा राहिलास. तिथून पुढे तुला दिसलं नाही, म्हणून सांगते.

कागदावर खूण नव्हती. तू ती माझ्यासाठी सोडली होतीस. आईला एवढं तरी स्वतःच्या हाताने करू दे, म्हणाला होतास. मायेने म्हणालास. रांगेत ती मुलगी पेन पुढे करत होती आणि मी म्हणत होते, थांब गं, करते. ती काय बोलत होती मला कळत नव्हतं आणि मी काय बोलत होते तिला.

खिडकीतला अधिकारी तुझ्याहून लहान होता. त्याने कार्ड बघितलं, मुदत जवळ आलेली बघितली, चौकोन मोकळा बघितला, आणि कार्डाला भोक पाडायच्या आधी फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडून एक बाई हिंदीत बोलत होती. हिंदी मला मालिकांपुरती येते, पण तिचं कळलं. ती म्हणाली, साहेब विचारताहेत, खूण राहून गेली का? परत येणार असाल तर आत्ता करा, ते थांबतील.

मनात म्हटलं, बघ, शहात्तर वर्षांत पहिल्यांदा कोणी सरकार माझ्यासाठी थांबलंय.

खूण केली असती तर तीन मार्चला तू मिरजेत हजर झाला असतास. आणि मी निघाले असते, गुणवंता. तू म्हटलं असतंस, मुदत चुकेल, आवर, आणि मी बॅग उचलली असती. मला मी माहीत आहे.

बाई पुन्हा म्हणाली, "माँजी, लौटेंगी या नहीं? बस इतना बताइए."

मी म्हटलं, "नहीं."

ती ते त्याला जपानीत सांगेपर्यंत मी पेन त्या मुलीला परत दिलं. त्याने भोक पाडलं, दोन्ही हातांनी कार्ड परत दिलं आणि मान लववली. आवाज एवढासाच झाला.

सलोनीला मी दहा दिवस सांगितलं होतं. तिच्याशी खोटं बोलले. तिला काय सांगायचं ते तू ठरव. म्हातारी विसरली म्हणालास तरी चालेल.

आता तुझ्या ताईचं. तू विचारलं नाहीस, तरी ऐक. मी पोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती. एवढीशी झाली होती, पलंगाचा अर्धा भाग रिकामा. चैत्राली म्हणाली, आई, आजी आलीय. ती वळली नाही. मी स्टुलावर बसले. भिंतीकडेच तोंड ठेवून तिने विचारलं, "परत कधी जायचंय?"

मी म्हटलं, "जायचं नाही. कार्ड सोडून आले."

ती वळली. माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बरं बोलेल. आशा मेली म्हातारी होत नाही. ती म्हणाली, "म्हणजे दुसरीकडे कुठे जागा उरली नाही म्हणून माझ्याकडे आलीस."

मला सांगता आलं असतं. तोंडापर्यंत सगळं आलं होतं, चौकोन, फोन, अधिकारी. सांगितलं नाही. तीही एकदा अशीच आली होती, दुसरीकडे कुठे जागा उरली नव्हती म्हणून. मी म्हटलं, "हो. ठेवून घेतेस का?"

तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पण हाकललं नाही. पुढचे वीस दिवस मी त्या स्टुलावर होते. तिला पेज भरवली. दोन चमचे घ्यायची, तिसरा परत. रागाने बघायची, पण तोंड उघडायची. एकदा शुद्धीत नसताना मला मावशी म्हणाली, दवाखान्यातली झाडूवाली समजून, आणि फार गोड बोलली. तेवढंच तिचं माझ्याशी गोड बोलणं. कार्ड सोडल्याचं कळल्यावर तीन मार्चला तू आला नाहीस, ते बरंच झालं. ती बारा मार्चला सकाळी गेली. तिला तुझं नाव घ्यायचं होतं की नाही मला सांगता येणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून घेतलं असं लिहा, असं चैत्राली म्हणते. मी नको म्हटलं. आपल्या घरात तसं पुष्कळ लिहून झालंय.

तू दिवसांना आला नाहीस. मी त्यावर बोलणार नाही, मला बोलायला तोंड नाही.

परवा तू पाठवलेला माणूस आला होता, सांगलीचा, व्हिसाची कामं करणारा. म्हणजे फोन उचलायला लाज वाटते पण आईला परत न्यायचंय. मला वाईट वाटलं असं समजू नकोस. बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्याला चहा दिला. तुझ्या ताईची खानावळ आता चैत्राली आणि मी बघतो. सकाळची भाकरी माझ्याकडे, हिशेब आणि भांडणं तिच्याकडे. कॉलेज तिने सोडलं होतं, ते जूनपासून पुन्हा धरायचं असं मी तिला सांगितलंय. हे लिहिताना ती मान हलवते आहे. तू लिही म्हटलं.

तर तो माणूस. मराठीतच विचारत होता, फॉर्म भरत होता. वय. यजमान हयात आहेत का. राहण्याचं ठिकाण. मग विचारलं, अपत्यं किती?

मी म्हटलं, दोन. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी वारली.

त्याने पेन थांबवलं. समजूतदार माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, आधीच्या फाइलीत एक लिहिलंय. तेच लिहू. आता तर ते खोटंही नाही."

मी म्हटलं, "दोन लिहा."

तो म्हणाला, मग आधीची फाइल खोटी ठरेल, केस बसणार नाही. साहेबांना विचारून घेतो, म्हणून त्याने तुला फोन लावला. त्याचा तू उचललास. इकडून मला एवढंच ऐकू आलं की तो म्हणतोय, हो साहेब, सांगितलं मी त्यांना, ऐकत नाहीत. मग त्याने बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला. तू काय बोलत होतास की काहीच बोलत नव्हतास, ते मला कळलं नाही. मला पानं वाढायची होती, बारा वाजत आले होते, बाहेर पेशंटांची माणसं बसली होती. त्याला म्हटलं, दोन लिहायचं नसेल तर फॉर्म घेऊन जा, आणि जेवायचं असेल तर हात धुऊन बस.

तो जेवला. फॉर्म घेऊन गेला.

आई